व्याज दोनदा पडलं: न बदललेल्या एका बाणाचं प्रकरण

गेल्या काही वर्षांपासून एका तालुक्याच्या गावातल्या पतसंस्थेचं सॉफ्टवेअर मी सांभाळतोय. विंडोजवर चालणारं साधं डेस्कटॉप ॲप आहे, मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेटमधलं विनफॉर्म्स, मागे डेटाबेस म्हणून एसक्यूएल सर्व्हर. बचत, मुदत ठेव, पिग्मी, कर्ज, किर्द, खतावणी, तेरीज (म्हणजे ट्रायल बॅलन्स) सगळं त्यातच. त्यात एका ३१ मार्चला जे झालं ते सविस्तर लिहून ठेवतोय, कारण या सगळ्याच्या मुळाशी एवढीच गोष्ट होती की बटण दाबल्यावर माउसचा बाण बाणच राहिला.

बचत खात्यांवर सहामाही व्याज पडतं, ३० सप्टेंबर आणि ३१ मार्च. रोजच्या शिल्लकेवर हिशोब, म्हणजे १ ऑक्टोबर ते ३१ मार्च अशा १८२ दिवसांची प्रत्येक दिवसाची शिल्लक काढायची, तिची बेरीज करायची आणि त्यावर दराने व्याज. खाती होती ११,२४०. गुणून बघा, वीस लाखांच्या वर शिल्लका होतात. आणि माझा कोड एकेक खातं घ्यायचा, त्याचे व्यवहार डेटाबेसमधून आणायचा, दिवस मोजायचा, व्याजाची नोंद टाकायचा आणि मग पुढच्या खात्याकडे जायचा. माझ्याकडच्या टेस्ट डेटात ४०० खाती होती, तिथे हे सगळं आठ-नऊ सेकंदांत उरकायचं आणि मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

हा 'व्याज आकारणी' फॉर्म आधी एक जुने लिपिक चालवायचे. त्यांना माहीत होतं की हे बटण दाबलं की मशीन चार-पाच मिनिटं मुकं होतं. ते बटण दाबायचे, खुर्ची मागे सरकवायचे आणि चहाला जायचे, परत येईपर्यंत 'आकारणी पूर्ण' असा मेसेज आलेला असायचा. सलग सहा-सात सहामाह्या असंच चाललं, एकदाही तक्रार आली नाही. मग ते निवृत्त झाले. त्यांच्या जागी ज्या ताई आल्या त्या हुशार, टायपिंग झपाझप, पण चहाला जायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. स्क्रीनने सांगायला हवं होतं ते इतकी वर्षं एका माणसाच्या डोक्यात होतं आणि तो माणूस गेल्यावर ते त्याच्याबरोबर गेलं.

३१ मार्चची संध्याकाळ, ऑफिसात सगळ्यांची धांदल. ताईंनी बटण दाबलं, काहीच झालं नाही. बाण तसाच, फॉर्म तसाच. त्यांना वाटलं बटण नीट दाबलं गेलं नसेल म्हणून परत दाबलं, मग अजून एकदा. थोड्या वेळाने खिडकी पांढुरकी पडली आणि वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' आलं. त्या तरी अडीच मिनिटं थांबल्या, हे मला नंतर आकड्यांवरून कळलं. मग शेजारच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं हँग झालंय, टास्क मॅनेजरमधून बंद करा, आणि त्यांनी बंद केलं. तेव्हा मला फोन आला.

"सर, व्याजाचं हँग झालंय ओ. बंद करून परत चालू केलंय, आता काय करू?"

मी म्हणालो, "ताई, वेळ लागतो त्याला, परत चालवा आणि हात लावू नका." हे माझं चुकलं. आधीचं निम्मं होऊन थांबलंय का हे विचारलं नाही, माझ्या डोक्यात आलंच नाही. नोंदी एकेक करून पक्क्या होत होत्या, सगळ्या मिळून एका ट्रान्झॅक्शनमध्ये (झाल्या तर सगळ्या, नाहीतर एकही नाही अशा गठ्ठ्यात) नव्हत्या, त्यामुळे बंद करेपर्यंत जेवढ्या खात्यांना व्याज पडलं होतं ते तसंच राहिलं. दुसऱ्यांदा चालवल्यावर सगळ्या ११,२४० खात्यांना परत पडलं. म्हणजे पहिल्या ६,८१२ खात्यांना दोनदा.

हे कळलं तीन-चार दिवसांनी, आणि तेही एका आजोबांमुळे. पासबुक छापून घेतलं, काउंटरवरच चष्मा लावून वाचलं आणि परत खिडकीशी आले. "मला ९५७ रुपये दोनदा आल्यात, बघा जरा." खात्यात सहा महिने ४८,००० पडून होते, चार टक्क्यांनी १८२ दिवसांचे ९५७ रुपये ३७ पैसे होतात, आणि पासबुकात तीच ओळ एकाखाली एक दोनदा, तारीख तीच, रक्कम तीच. गप्प बसले असते तर आम्हाला तेरीज जुळवताना कधीतरी कळलं असतं, व्याज खर्चाचा आकडा फुगलेला दिसला असता, पण तोपर्यंत किती जणांनी पैसे काढले असते देव जाणे. त्या रात्री मी तिथेच बसून ६,८१२ दुरुस्ती नोंदी टाकल्या. काही जणांनी तेवढ्यात पैसे काढलेही होते, त्यांना व्यवस्थापक साहेबांनी स्वतः फोन केले. त्या ताई दोन दिवस कुणाशी नीट बोलत नव्हत्या, आपण संस्था बुडवली असं त्यांना वाटत होतं. मी त्यांना समोर बसवून सांगितलं की चूक तुमची नाही, तुमच्या जागी कुणीही असतं तर हेच केलं असतं. आणि ते खरंच आहे. बटण दाबल्यावर उत्तर नाही आलं तर माणूस परत दाबणारच, दार वाजवल्यावर आतून 'आलो' असं कुणी म्हणालं नाही तर आपण परत वाजवतोच ना.

आता मी काय काय करून पाहिलं ते सांगतो, कारण पहिले दोन उपाय चुकीचे निघाले आणि ते दोन्ही सगळेच करतात.

बॅकअप माझ्या मशीनवर उतरवून घेतला आणि ताईंनी केलं तसंच केलं. पूर्ण आकारणीला ४ मिनिटं १० सेकंद लागले. बटण मी लागोपाठ दोनदा दाबलं होतं आणि टास्क मॅनेजरला हात लावला नाही, नुसता बघत बसलो. काम संपलं, खिडकी जिवंत झाली, 'आकारणी पूर्ण' आलं आणि लगेच परत सगळं गोठलं. आणखी चार मिनिटं. म्हणजे दुसरा क्लिक हरवला नव्हता, तो रांगेत उभा होता. विंडोजमध्ये माउसचा प्रत्येक क्लिक मेसेज होऊन प्रोग्रॅमच्या रांगेत पडतो, प्रोग्रॅमचा मुख्य धागा, ज्याला आपण यूआय थ्रेड म्हणतो, तो त्यातून एकेक उचलतो. तो थ्रेड व्याज मोजण्यात गुंतला असेल तर रांग तशीच तुंबून राहते आणि मोकळा झाल्यावर त्यातले क्लिक जसे पडले तसे निघतात. ताईंनी बटण तीनदा दाबलं होतं, त्या दिवशी टास्क मॅनेजर वापरला नसता तर निम्म्या नाही, सगळ्याच खात्यांना तीनदा व्याज पडलं असतं.

पहिला उपाय म्हणून जे हाताशी होतं ते केलं: सुरुवातीला कर्सर डॉट करंटला (माउसचं चित्र कोणतं हे त्यावरून ठरतं) वेट कर्सर दिला, म्हणजे 'थांबा'चं चित्र, शेवटी डिफॉल्ट, म्हणजे बाण, आणि मध्ये एरर आली तरी शेवटची ओळ चालावी म्हणून ट्राय-फायनली. शेवटी कर्सर आठवणीने परत करायची सवय मला जुन्या व्हीबी सिक्सपासूनची (व्हिज्युअल बेसिक) आहे, तिथे स्क्रीन डॉट माउसपॉइंटरला ११ दिलं की वाळूचं घड्याळ यायचं आणि शेवटी ० द्यायचं, मध्येच एरर आली आणि ० द्यायचं राहून गेलं की काम कधीच थांबलेलं असायचं आणि लोक घड्याळाकडे बघत बसायचे. (ते वाळूचं घड्याळ एक्सपीपर्यंत होतं, व्हिस्टापासून निळं चक्र आलं, आमच्याकडे त्याला सगळे 'गोल फिरतंय' म्हणतात.) चक्र लगेच दिसलं आणि मला हायसं वाटलं. पण मग दोन गोष्टी दिसल्या. एक, चक्र हे फक्त चित्र आहे, ते क्लिक अडवत नाही, चक्र फिरत असताना दाबलेला क्लिकही रांगेत जाऊन बसतोच. दुसरं, पाच सेकंद प्रोग्रॅमने रांगेतलं काहीच उचललं नाही की विंडोज त्याला अडकलेला समजतं, आणि तुम्ही त्यावर क्लिक केलंत की खऱ्या खिडकीच्या जागी तिची पांढुरकी सावली लावून वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' लिहितं. त्या सावलीवरही विंडोज चक्रच दाखवतं. आता बघणाऱ्याच्या बाजूने विचार करा. मी लावलेल्या चक्राचा अर्थ 'काम चाललंय, थांबा', आणि विंडोजने लावलेल्या चक्राचा अर्थ 'हा काही बोलत नाहीये बाबा'. चित्र एकच. काउंटरवरच्या माणसाने फरक कसा ओळखायचा? तो टास्क मॅनेजरकडेच जाणार.

मग म्हटलं याच्याच जोडीला बटणही बंद करू. सुरुवातीला बटण डिसेबल, शेवटी एनेबल. ऐकायला बरोबर वाटतं आणि मी यावर चांगला तासभर घालवला, कारण क्लिक तरीही लागू होत होता. नीट विचार केल्यावर कळलं: क्लिक रांगेत आहे, माझं फंक्शन संपेपर्यंत कुणी तो उचलत नाही, आणि फंक्शन संपताना मी बटण परत चालू केलेलं असतं. रांगेतून क्लिक बाहेर येतो तेव्हा त्याला बटण उघडंच सापडतं. बटण बंद होतं त्या चार मिनिटांत क्लिकला कुणी विचारलंच नव्हतं. हे मी अनेकांच्या कोडमध्ये अजून बघतो आणि त्यांना ते संरक्षण वाटतं.

दुसरा उपाय डू इव्हेंट्सचा. दर ५० खात्यांनंतर ही एक ओळ टाकायची म्हणजे थ्रेड मधेमधे रांग उपसतो, खिडकी पांढरी पडत नाही, लेबलवर आकडाही दिसतो. फॉर्म एकदम जिवंत वाटायला लागला, आकडा पळतोय, ५०, १००, १५०. पण माउस जरा हलवला आणि चक्र गायब, बाण परत आला. कारण कर्सर डॉट करंट हे तात्पुरतं असतं, खिडकीवर माउस हलला की विंडोज प्रत्येक वेळी त्या खिडकीला विचारतं की तुझा कर्सर कोणता, आणि आता रांग उपसली जात असल्याने ती खिडकी प्रामाणिकपणे सांगते की बाण. मधे एखादा मेसेज बॉक्स दाखवला तरी हेच होतं, ओके केल्यावर काम पुढे चालू आणि कर्सर मात्र बाण. पण खरा धोका हा नव्हता. या वेळी बटण बंद करायची ओळ मी काढून ठेवली होती, आणि लेबलवर १२०० दिसत असताना मुद्दाम परत क्लिक केला. लेबल १२०० वरून झटकन ५० वर आलं. म्हणजे पहिली आकारणी मधेच लटकत ठेवून तिच्या पोटात दुसरी आकारणी सुरू झाली, ती पूर्ण ११,२४० पर्यंत गेली आणि मग लेबल परत १२५० वर येऊन पहिली पुढे चालू लागली. हे बघून माझ्या पोटात खरंच गोळा आला. बटण बंद ठेवलं तर हे एक बटण वाचतं, पण मेनूतून पैसे काढण्याचा फॉर्म उघडता येतो, खिडकी बंद करता येते, आणि आत आकारणी चालूच असते. पैशाच्या कामात डू इव्हेंट्स मी त्या दिवसापासून वापरत नाही, आणि माझ्याबरोबर काम करणाऱ्यांनाही वापरू देत नाही.

शेवटी जे पहिल्यापासूनच करायला हवं होतं ते केलं, काम यूआय थ्रेडवरून काढून वेगळ्या थ्रेडवर टाकलं. ॲप जुनं, डॉट नेट ४ वर, म्हणून बॅकग्राउंड वर्कर (वेगळ्या थ्रेडवर काम चालवायची डॉट नेटमधली तयार सोय) वापरला, तो २००५ च्या डॉट नेट २ पासून आहे. नवीन लिहायचं असेल तर त्याच कामासाठी असिंक-अवेट वापरा, ते २०१२ पासून आहे आणि वाचायला सोपं जातं. आता यूआय थ्रेड मोकळा असल्याने रांग तुंबत नाही, डिसेबल केलेलं बटण खरंच डिसेबल असतं, क्लिक आला की त्याच वेळी त्याला बंद दार मिळतं आणि तो तिथेच संपतो. एक काळजी घ्या: वर्करच्या आत आलेली एरर स्वतःहून समोर येत नाही, काम संपल्याच्या इव्हेंटमध्ये एरर आहे का हे आपणच बघावं लागतं. मी पहिल्यांदा ते विसरलो आणि डेटाबेसचं कनेक्शन मुद्दाम तोडून पाहिलं तर फॉर्म शांतपणे 'आकारणी पूर्ण' म्हणाला.

कर्सरचं मात्र इथेही नीट बघावं लागलं. आता काम मागे चाललंय आणि खिडकी जिवंत आहे, त्यामुळे कर्सर डॉट करंट एकट्याने टिकणार नाही, माउस हलला की गेला. म्हणून फॉर्मचं 'यूज वेट कर्सर' हे सेटिंग ट्रू केलं, म्हणजे चालू केलं, ते टिकतं. पण त्याची उलटी खोड अशी की माउस स्थिर असेल तर ते दिसतच नाही, हलवल्यावर दिसतं. आणि बटण दाबून माणूस माउस स्थिरच धरतो, तेव्हाच तर त्याला उत्तर हवं असतं. म्हणून दोन्ही एकदम करतो, करंट लावला म्हणजे त्या क्षणी बदलतो आणि यूज वेट कर्सर लावला म्हणजे टिकतो, काढतानाही दोन्ही काढतो नाहीतर काम संपल्यावरही माउस हलेपर्यंत चक्र फिरत राहतं. 'रद्द करा' बटणावर मात्र चक्र नको, तिथे बाणच हवा, कारण चक्र असलेल्या जागी क्लिक करू नये एवढं लोकांना आपणच शिकवलंय. फॉर्मला ट्रू दिलं की आतल्या सगळ्यांना ते लागू होतं, म्हणून त्यानंतर त्या एका बटणाला वेगळं फॉल्स द्यावं लागतं.

आणि चार मिनिटांच्या कामाला नुसतं चक्र पुरत नाही. आयबीएममधल्या रॉबर्ट मिलर यांनी १९६८ मध्येच माणूस किती वेळ वाट बघतो यावर लिहून ठेवलंय, नंतर जेकब नील्सन यांनी १९९३ साली तेच साध्या आकड्यांत मांडलं: दशांश सेकंदापर्यंत लगेच झाल्यासारखं वाटतं, एका सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही, दहा सेकंदांनंतर लक्ष उडतं आणि किती राहिलंय हे सांगावं लागतं. माझा स्वतःचा नियम यावरूनच आलाय, सेकंदाच्या आत काही नको, एक ते दहामध्ये चक्र, त्याच्या वर चक्र आणि आकडा दोन्ही. म्हणून आता फॉर्मवर पट्टी आहे आणि खाली 'खाते ४,३०० / ११,२४०' असं लिहून येतं. नुसते टक्के मी दिले नाहीत, या लोकांना आपली खाती किती ते पाठ असतं, ४,३०० वाचलं की त्यांना कळतं कुठवर आलंय. आकडा दर १०० खात्यांनंतर बदलतो, प्रत्येक खात्याला बदलला तर लेबल रंगवण्यातच यूआय थ्रेड गुंतून पडतो.

डेटाबेसकडे दोन गोष्टी केल्या आणि खरं सांगायचं तर पैशांच्या दृष्टीने त्या कर्सरपेक्षा मोठ्या आहेत. सगळी आकारणी एका ट्रान्झॅक्शनमध्ये, पूर्ण झाली तर सगळी नाहीतर एकही नाही. आणि एका खात्याला एका सहामाहीची व्याजाची नोंद एकदाच, हे युनिक बंधन टेबलावरच घातलं, म्हणजे उद्या कोड चुकला, कुणी दोन मशीनवरून एकदम बटण दाबलं तरी डेटाबेस दुसरी नोंद घेणारच नाही. जाता जाता क्वेरीही सुधारली, खात्यागणिक डेटाबेसकडे जायचं बंद करून सगळे व्यवहार एकदम आणले, खाते क्रमांक आणि तारखेवर इंडेक्स टाकला, ४ मिनिटं १० सेकंदांचं काम ३५ सेकंदांवर आलं. काही मित्र म्हणाले की मग एवढंच करायचं होतंस, वेग वाढला की चक्राची गरज काय. मला हे पटत नाही. ३५ सेकंदही उत्तराशिवाय फार असतात, चक्र नसतं तर ताईंनी तेवढ्यातही तीनदा दाबलं असतं. शिवाय खाती वाढणार, सर्व्हर जुना होणार, कधी अँटीव्हायरस मधे येणार. वेग आज आहे तसा उद्या राहीलच असं नाही. प्रोग्रॅमने 'हो, ऐकलं, करतोय' एवढं म्हणायचं काम वेगावर सोपवता येत नाही.

त्या ३० सप्टेंबरला मी मुद्दाम तिथे जाऊन बसलो, ताईंच्या मागे, काही न बोलता. त्यांनी बटण दाबलं, बाणाचं चक्र झालं, बटण करडं पडलं, आकडा पळायला लागला. त्यांचा हात माउसवरून निघाला. व्हाउचरचा गठ्ठा ओढून टाचण्या लावायला लागल्या, मधे एकदा मान वर करून ७,९०० वाचलं आणि परत टाचण्या. संपल्यावर पहिल्यांदा त्यांनी आजोबांचं खातं उघडून बघितलं. व्याजाची ओळ एकच होती.

बाकीच्या फॉर्ममध्ये अजून जुनाच प्रकार आहे. दिवसअखेर, पिग्मीचा डेटा घेणं, खतावणीची छपाई. दिवसअखेर आधी घेतलंय, कारण ते रोज चालतं आणि आता सहा-सात सेकंद घेतं, म्हणजे पाच सेकंदांची रेघ ओलांडतं.